घरचा बंब : निवड व निगा

कोपरगावची थंडी ही मोजक्या दिवसांची पाहुणी आहे. परंतु जितके दिवस तिचा मुक्काम असतो तितके दिवस ती घरातील माणसांची परीक्षा पाहते. दिवाळीचे अभ्यंगस्नान आटोपले की पहाटेचा गारवा वाढू लागतो, मार्गशीर्ष-पौषात तो हाडांपर्यंत पोहोचतो, आणि रथसप्तमी उलटली म्हणजे हळूहळू ओसरतो. गोदावरीच्या याच खोऱ्यात वरच्या अंगास असलेल्या निफाडच्या परिसरात काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरलेला आहे. कोपरगाव त्या मानाने काहीसे सौम्य. तरीपण पाटाचे पाणी प्यालेल्या उसाच्या शिवारावरून येणारा पहाटवारा खिडकीच्या फटीतून आत शिरला म्हणजे तो सौम्यपणा कोणाच्या लक्षात राहत नाही.

तथापि या थंडीचा स्वभाव नीट ओळखला पाहिजे. रशिया, फिनलंड यांसारख्या देशांत किंवा आपल्याकडे काश्मिरात हिवाळा रात्रंदिवस घरास वेढून बसतो. तेथे खोली तापविल्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून तेथील गृहस्थ विटांची अजस्र भट्टी, लोखंडी स्टोव्ह अथवा बुखारी यांची निवड करीत बसतो. कोपरगावी सकाळी नऊनंतर लख्ख ऊन पडते, भिंती दिवसभर ते ऊन पितात आणि रात्री काही काळ परत देतात. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती व माळवदाची छपरे हे काम नव्या स्लॅबच्या घरांहून अधिक चांगले करीत असत. सारांश, येथील माणसास खोली तापविण्याची फारशी निकड नाही. निकड आहे ती पहाटे अंगावर घ्यावयाच्या पाण्याची. इतर देशांतील घराची ऊब भट्टीत असेल. येथील घराची ऊब घंगाळात असते. म्हणून लाकडावर चालणाऱ्या उष्णतेच्या साधनाचा प्रश्न कोपरगावच्या घरात निघतो तो बंबाच्या रूपाने.

मराठी भाषेची गंमत अशी की, आग विझविण्यास धावणारे यंत्रही बंबच, आणि आग पोटात घेऊन न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभे राहणारे भांडेही बंबच. या दुसऱ्या बंबाची रचना एकदा लक्षात घेण्यासारखी आहे. बाहेरून तो तांब्याचा उभा पिंप दिसतो. परंतु त्याच्या मध्यातून खालपासून वरपर्यंत एक नळकांडे गेलेले असते. खाली लोखंडी जाळी, तिच्याखाली राखेची जागा. नळकांड्यात जाळ, आणि जाळाच्या भोवती चहूबाजूंनी पाणी. चुलीवर हंडा ठेवला असता जाळ हंड्याच्या बुडाला चाटून बाजूंनी निघून जातो. बंबात तो पाण्याच्या मधूनच वाट काढतो, आणि जाता जाता आपली पुष्कळशी उष्णता देऊन जातो. रशियन लोकांचा चहाचा समोवार हा नेमक्या याच तत्त्वावर चालतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकामाने घडविलेले बंब शेकडो घरी गेले. हे तांबट कारागीर पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यास येऊन स्थायिक झालेले. कोपरगावास लग्नाच्या भांड्यांची खरेदी नाशिकला करण्याची चाल असल्यामुळे अनेक घरांतील बंब त्या बाजूनेही आलेले असतात.

बंबाच्या दोन जाती आढळतात. एकीत खाली तोटी असते. ती सोडली की पाणी येते आणि अखेरीस भांडे रिकामे होते. दुसरीत वर नरसाळे असते. त्यात गार पाण्याचा तांब्या ओतला की ते पाणी आतल्या नळीने तळाशी जाते, आणि वरचे तापलेले पाणी तेवढ्याच मापाने तोंडातून बाहेर पडते. ऊन पाणी हलके म्हणून वर राहते, गार पाणी जड म्हणून खाली राहते, एवढ्या साध्या नियमावर ही युक्ती बेतलेली आहे. ही दुसरी जात कधीही कोरडी पडत नाही. आणि कोरडे पडणे हेच बंबाचे मरण होय. पाणी संपून जाळ चालू राहिला तर सांध्यांचा डाख वितळतो व दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात तळे साचते. घाईच्या सकाळी, मुलांच्या गडबडीत, तोटीच्या बंबाचे हे असे होणे नवलाचे नाही. नवा बंब घेताना नरसाळ्याचा घ्यावा, यात शंका घेण्याचे कारण नाही.

आता कोणी म्हणेल की, विजेचे व गॅसचे तापक घरोघरी आले असता या जुन्या भांड्याची चर्चा कशासाठी? त्याचे उत्तर कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे साडेपाचला छपरांकडे पाहिल्यास मिळते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि ज्या घरी कधी गॅसची शेगडी आली नसती त्या घरी ती आली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु गॅस स्वयंपाकघरात शिरला तरी बहुतेक ठिकाणी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी थांबला. भात-भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी लाकडावर, अशी वाटणी गृहिणींनी आपोआप करून टाकली. कारण उघड आहे. पाणी तापविण्यास स्वयंपाकाएवढीच, किंबहुना अधिक उष्णता लागते, आणि परसात पडलेल्या लाकडास पैसे पडत नाहीत.

कल्पनेने गोदाकाठचे एक घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबा-आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात, अशी पाच माणसे. जुना बंब तिसऱ्यांदा गळू लागला आहे. आजोबांचे म्हणणे, "तांब्याचाच आणा, तो माझ्या मुंजीच्या वेळचा होता, तसाच." मुलाचे म्हणणे, "अण्णा, आता कोण लाकडे फोडणार? विजेचा बसवू." आजीला वीज जाण्याची धास्ती. सूनबाई मात्र काही बोलत नाही. पहाटे पाचला उठून बंब पेटविणारी तीच, आणि पेटविल्यावर पाऊण तास खोकणारीही तीच. अशा घरातील निवडीची चर्चा साधारणतः भांड्याच्या दुकानात संपते. ती वास्तविक त्या खोकल्यापासून सुरू व्हावयास पाहिजे.

प्रथम हिशेब पाहू. एका माणसास एक बादली, म्हणजे सुमारे २० लिटर पाणी, १८ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत न्यावयाचे तर ४८० उष्मांक उष्णता लागते. पाच माणसांस २,४००. चांगले वाळलेले लाकूड किलोमागे ३,५०० उष्मांकांच्या आसपास देते. म्हणजे सगळी उष्णता पाण्यास मिळाली असती तर पाच जणांची आंघोळ पाऊण किलो लाकडाहूनही कमी जळणात झाली असती. तसे कधीच होत नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर शंभरातील पंधरा भाग पाण्यास मिळाले असे धरल्यास रोज साडेचार किलोंहून अधिक लाकूड खर्ची पडते. बंबात चाळीस भाग मिळाले असे धरल्यास पावणेदोन किलो पुरते. थंडीचे पंच्याहत्तर दिवस धरले तर फरक दोन क्विंटलांहून अधिक होतो. हे आकडे अदमासाचे आहेत, कारण बंब कोणाच्या हातात आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. परंतु फरकाची दिशा चुकत नाही. तेवढीच उष्णता विजेने घेतली तर जवळजवळ तीन युनिटे लागतात. ज्याला लाकूड विकत घ्यावे लागते त्याने हे दोन आकडे शेजारी मांडून वखारवाल्याचा भाव आणि विजेचे बिल दोन्ही समोर ठेवावेत. पुष्कळदा लाकूड स्वस्त ही समजूत केवळ जुन्या सवयीने टिकून राहिलेली असते.

हिशेबात सर्वांत मोठी लबाडी करते ते ओले लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणीच असते. ते विकत घेणारा गृहस्थ निम्मे पैसे पाण्यास देतो. वर ते पाणी वाफ करून हाकलण्यात जाळाची शक्ती खर्च होते, जाळ थंडावतो, आणि थंड जाळातून धूर निघतो. जो धूर डोळ्यांत जातो तो म्हणजे न जळालेले लाकूडच होय. एक पावसाळा टळलेले, फोडून, अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या व मनगटाएवढ्या ढलप्या करून, वरून झाकलेल्या व बाजूंनी वारा लागेल अशा ठिकाणी रचलेले जळण हेच खरे जळण. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज आला तर समजावे की लाकूड वाळले. बद्द आवाज आला तर ते अजून झाडच आहे. बंब घेण्यापूर्वी जळण रचण्याची जागा घरी आहे की नाही हे पाहावे. नसेल, तर बंबाचा विचार तेथेच सोडून द्यावा. हा सल्ला कठोर वाटेल. परंतु जळणाला आडोसा नसलेल्या घरात बंब म्हणजे केवळ धुराचे यंत्र.

कोपरगावच्या आसपास जळणाची जातही विचारात घेण्याजोगी आहे. बाभूळ जड, सावकाश जळणारी, निखारा धरणारी. बांधाबांधावर पसरलेली वेडी बाभूळ काट्यांमुळे नकोशी, पण जळणास उत्तम. तुरीच्या तुऱ्हाट्या व कपाशीच्या पऱ्हाट्या भडकन् पेटतात व तितक्याच लवकर विझतात. त्या पेटवणास चांगल्या, सबंध आंघोळींस अपुऱ्या. कण्हेर, रुई, शेर यांची लाकडे घरात जाळू नयेत, त्यांचा धूर अपायकारक असतो. रंग दिलेल्या जुन्या चौकटी व प्लायवुडचे तुकडे यांचेही तेच. पेटवणासाठी प्लास्टिकच्या पिशव्या वापरण्याची जी वाईट खोड अलीकडे सर्वत्र दिसते, तिच्याविषयी अधिक बोलण्याची जरूर नाही. ज्या घरात लहान मूल आहे तेथे ती आजच बंद व्हावी. परसातील झाड तोडण्याचा मोह झाल्यास १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आठवावा. नगरपालिकेच्या हद्दीतील झाड हे मालकाच्या अंगणात असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही.

येथे उसाची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरीचे डावे व उजवे कालवे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या भागात पाणी घेऊन आले, आणि मागोमाग ऊस आला. १९३९ साली स्थापन झालेल्या गोदावरी शुगर मिल्सचा कारखाना साकरवाडीस उभा राहिला. पुढे कोळपेवाडी व सहजानंदनगर येथे सहकारी कारखाने झाले. गुऱ्हाळाच्या काळी चुलवाणात जळणारी चिपाडे थोडीबहुत घरीही येत. आता उसाचा चोथा कारखान्याच्या बॉयलरात जातो, त्यातून वीज होते, आणि तसे होणे योग्यच आहे. उरते ते पाचट. हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात पडते आणि बहुधा तेथेच पेटवून दिले जाते. बंबात पाचट घालण्याचा प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांना ठाऊक आहे की ते क्षणात भडकते, नळकांडे राखेने भरते आणि माणसास जागचे हलू देत नाही. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, याच पाचटाचा भट्टीत कोळसा करून त्याच्या कांड्या बनविण्याची रीत बसविली, आणि तिला २००२ साली ॲश्डेन पारितोषिक मिळाले. कांडी कोळशास धूर जवळजवळ नाही. परंतु धूर नाही म्हणजे धोका नाही असे मात्र नव्हे, आणि येथेच या विषयाचा गाभा आहे.

लाकूड भडकून जळत असते तेव्हा धूर दिसतो, डोळे चुरचुरतात, माणूस आपण होऊन दार उघडतो. जाळ बसून निखारे उरले की धूर थांबतो, न्हाणीघर उबदार होते, आणि दार लोटून घेऊन निवांत आंघोळ करावीशी वाटते. नेमक्या याच वेळी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोके जड होते, घेरी येते, मळमळते, झोप येते. आणि ज्याला झोप येते त्याला उठून कडी काढण्याचे सुचत नाही. बाहेरचे लोक समजतात की आत आंघोळ चालली आहे. हाच वायू झडपा बंद केलेल्या स्नानगृहातील गॅसच्या तापकामुळेही माणसे दगावण्यास कारण होतो; तेव्हा दोष एकट्या लाकडाचा नव्हे. कोंडलेल्या जागेत काहीही जळणे हा दोष आहे. अशा वेळी दार उघडून माणसास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, डॉक्टरांस बोलवावे, आणि दुसऱ्याने त्या खोलीत रेंगाळू नये.

याच संदर्भात बाळंतिणीच्या खोलीचा उल्लेख करणे अवश्य आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा व बाळंतशेपा यांची धुरी, दारे-खिडक्यांना लावलेले पडदे, हे सारे मायेपोटी होत आले आहे. हेतूविषयी कोणी शंका घेऊ नये. परंतु तान्ह्या मुलाचा श्वास मोठ्या माणसाच्या श्वासाहून जलद चालतो, आणि खोलीत जे काही असेल ते त्याच्या छातीत अधिक प्रमाणात जाते. घरातील चुलींच्या व शेगड्यांच्या दूषित हवेमुळे २०२० साली जगभरात ३२ लक्ष मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत पाच वर्षांखालील मुले लक्षावधी होती. ऊब द्यावयाची तर ती ऊन पाण्याच्या पिशवीने, गोधडीने, आईच्या अंगाच्या उबेने द्यावी. रात्री शेगडी खोलीत ठेवून दार लावू नये. आजीबाई ऐकणार नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी त्यांस समजावून सांगण्याचा प्रयत्न एकदा करून पाहावा. बहुतेक आजीबाया नातवंडाच्या नावाने पुष्कळ ऐकतात.

तेव्हा बंबाची निवड म्हणजे मुख्यतः त्याच्या जागेची निवड. तो न्हाणीघराच्या आत न ठेवता भिंतीच्या पलीकडे, पडवीत किंवा परसात पत्र्याच्या आडोशाखाली ठेवावा, आणि ऊन पाणी बादलीने किंवा भिंतीतून काढलेल्या नळीने आत घ्यावे. जुन्या वाड्यांत न्हाणीघर माजघरापासून दूर, परसाकडे का असे, याचे एक कारण हेही असावे. आतच ठेवणे भाग असेल तर धुराचे नळकांडे छपराबाहेर गेलेच पाहिजे, आणि दाराच्या खाली व भिंतीच्या वर अशा दोन झरोक्यांतून हवा खेळती राहिली पाहिजे. खालच्या झरोक्यातून हवा आत येते, वरच्यातून बाहेर जाते. एकाच झरोक्याने दोन्ही कामे होत नाहीत.

धुराच्या नळकांड्याविषयी दुकानदार सहसा बोलत नाही, कारण ते त्याच्या दुकानी विकावयाचे नसते. ऊन हवा हलकी असल्यामुळे वर चढते, आणि उंच नळकांडे तिला अधिक जोराने ओढते. म्हणून ते सरळ उभे असावे; भिंतीतून आडवे काढून तेथेच सोडून देण्याची जी पद्धत आहे तीत वारा उलटा वाहू लागला की सारा धूर घरात परततो. छपराच्या कडेपेक्षा ते वर जावे, त्यावर पावसासाठी टोपी असावी, आणि लाकडी वाशापासून ते वीतभर तरी दूर ठेवावे. महिन्यातून एकदा काथ्याचा बोळा दोरीस बांधून आतील काजळी काढावी. वर्ध्याच्या मगनवाडीत जी 'मगन चूल' प्रसिद्ध झाली तिचे सारे इंगित धुराला दिलेल्या अशा स्वतंत्र वाटेतच होते. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला. त्यातील कित्येक चुली काही वर्षांतच बंद पडल्या. नळकांडी काजळीने तुंबली आणि ती साफ करावयाची असतात हे घरातील कोणी मनावर घेतले नाही. चूल बसविणारा निघून जातो, झाडणारा घरचाच लागतो.

आता भांड्याच्या धातूविषयी. आजोबांचा तांब्याचा आग्रह सर्वस्वी चुकीचा नाही, फक्त त्याचे कारण वेगळे आहे. तांबे उष्णता लोखंडाच्या सुमारे पाचपट आणि स्टेनलेस पोलादाच्या सुमारे पंचवीसपट वाहते हे खरे. परंतु बंबाचा पत्रा इतका पातळ असतो की खरी अडचण पत्र्यात नसते. ती असते जाळ आणि पत्रा यांच्यामध्ये, आणि तेथे काजळीचा थर जमला की तांबे काय आणि लोखंड काय, दोघेही सारखेच हतबल. तांब्याचे खरे गुण दुसरेच. ते गंजून भोके पडत नाहीत, तांबटाकडून पुन्हा पुन्हा दुरुस्त होते, आणि अखेरीस मोडीतही किंमत आणते. लोखंडी जस्ताच्या पत्र्याचा बंब स्वस्त पडतो, पण काही हिवाळ्यांनी बुडाशी गंजतो. स्टेनलेसचा टिकाऊ, मात्र त्याचे झाळकाम गावात सहज होत नाही. ज्याच्या खिशास परवडेल त्याने तांब्याचा, जाड पत्र्याचा व सुबक सांध्यांचा घ्यावा; ज्याला परवडणार नाही त्याने स्वस्त बंब घेऊन वाचलेले पैसे नळकांड्यावर खर्च करावेत. धुरासाठी वाट नसलेला तांब्याचा बंब घेण्यापेक्षा हा सौदा केव्हाही शहाणपणाचा.

आकार मोठा घेण्याची हौस टाळावी. नरसाळ्याच्या बंबात पाणी ओतू तसे मिळत जाते, म्हणून पाच माणसांस वीस लिटरांचा पुरतो. मोठा बंब पहिल्या बादलीसाठी उगाच ताटकळत ठेवतो. पहिल्या दिवशी पेटविल्यावर बुडाशी थेंब ठिबकताना दिसले की लोक भांडे दुकानी परत नेण्यास निघतात. त्यांनी थोडा धीर धरावा. जाळातील वाफ गार तांब्यावर जमून तसे थेंब पडतात आणि पाणी तापले की बंद होतात. तापल्यावरही ठिबकत राहिले तरच दुकानाची वाट धरावी.

सूर्याच्या उष्णतेने पाणी तापविणारे यंत्र ज्याच्या गच्चीवर दिवसभर ऊन येते त्याने अवश्य बसवावे. दिवसा तापलेले पाणी वेष्टणाच्या टाकीत पहाटेपर्यंत उबदार राहते, आणि कोपरगावास हिवाळ्यात उन्हाची वाण नाही. ढगाळ दिवशी मात्र ते हात वर करते. खारट विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने त्याच्या नळ्यांत क्षार बसतात. तसे ते बंबातही बसतात, परंतु बंबाचे पोट उघडे असल्यामुळे चिंच व मीठ लावून घासता येते.

मघाच्या घरात काय ठरावे? सारे पाहता असे दिसते की, गच्चीवर सूर्याचा तापक बसवावा, कारण रोजचे पाणी त्यावर भागते आणि कोणास पाचला उठावे लागत नाही. ढगाळ दिवसांकरिता, वीज गेलेल्या पहाटेकरिता आणि दिवाळीच्या अभ्यंगाकरिता एक मध्यम बंब परसातील आडोशाखाली, सरळ नळकांड्यासह ठेवावा. जुना बंब तांबटाकडून डाख लावून घेता आला तर नवा घेण्याचीही गरज नाही. आजोबांचा शब्द राहतो. आणि ज्या दिवशी तो पेटवावयाचा त्या दिवशी तो मुलाने पेटवावा. सूनबाईचा खोकला डॉक्टरांस दाखवावा. तो बंब बदलल्याने थांबेल असे गृहीत धरू नये.

होळीनंतर बंब गुंडाळून ठेवण्यापूर्वी त्यातील सर्व पाणी काढावे. राख पूर्ण विझल्याची खात्री करून ती झाडांच्या आळ्यात टाकावी. रात्रभर राखेत दडलेला निखारा सकाळी कचऱ्याच्या ढिगास पेट देतो. नळकांडे उतरवून त्यातील काजळी झाडावी आणि तोंडास फडके बांधावे, नाहीतर उन्हाळ्यात त्यात चिमण्या घर करतात व पुढच्या दिवाळीस पहिला धूर त्या काड्यांतून घरात येतो.